कृष्णविवराचा नाद

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला एक कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. नावही अनोळखी, अक्षरही अनोळखी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी मांडून त्यांनी हे नाव बेतलं होतं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली होती. कथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’.

मराठी वाचकाला हा शब्द तेव्हा नवाच होता. इंग्रजीत तरी तो कुठे जुना होता? जॉन व्हीलर या अमेरिकी शास्त्रज्ञामुळे १९६७ च्या अखेरीस ‘ब्लॅक होल’ हा शब्द रुळायला लागला. म्हणजे जगाच्या एका टोकाला शब्द रुळला आणि सात वर्षांत तो मराठी कथेच्या मथळ्यावर आला. आपल्या भाषेच्या बाबतीत असा झपाटा क्वचितच दिसतो आणि मला त्याचं मनापासून अप्रूप वाटतं.

या लेखाचे नायक मात्र नारळीकर नाहीत. त्यांच्यापेक्षा साडेचार महिन्यांनी मोठे असलेले, ६ मार्च १९३८ रोजी बंगळुरूत जन्मलेले सी. व्ही. विश्वेश्वरा हे ते नायक. नारळीकरांनी मराठी माणसाला कृष्णविवराची गोष्ट सांगितली, त्याच्या चार वर्षं आधी विश्वेश्वरांनी खुद्द कृष्णविवरालाच बोलतं केलं होतं. कागदावर, गणितात. पण त्या कागदावरचा सूर पंचेचाळीस वर्षांनी खरोखर पृथ्वीवर येऊन पोहोचला. आणि या मधल्या काळात या गृहस्थांनी काय केलं? शाळेतल्या मुलांना घुमटाखाली बसवून आकाश दाखवलं.

विश्वेश्वरांचे वडील सी. के. वेंकटरामय्य हे कन्नडमधले नावाजलेले लेखक. घरात भाषा, साहित्य, गप्पा. मुलगा मात्र भौतिकशास्त्राकडे वळला. म्हैसूर विद्यापीठाच्या पदव्या घेऊन तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तिथून मेरिलंड विद्यापीठात चार्ल्स मिस्नर यांच्या हाताखाली. मित्रमंडळी त्याला विशू म्हणत.

मिस्नर यांनी त्याच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. आइनस्टाइन यांनी १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त मांडला आणि काही आठवड्यांतच, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी त्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर काढलं. त्या उत्तरात एक विचित्र गोष्ट दडली होती. सूर्याएवढं वस्तुमान दाबून दाबून ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवलं, तर त्याच्याभोवती अशी एक सीमा तयार होते की जिच्या आत गेलेलं काहीच परत येत नाही. प्रकाशसुद्धा नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं बहुतेकांनी ही गणिताची करामत समजून बाजूला ठेवली. असं काही निसर्गात असेल यावर फारच थोड्यांचा विश्वास होता. विशूनं काम सुरू केलं तेव्हा तर या वस्तूला धड नावही नव्हतं.

मिस्नर यांचा प्रश्न असा: ही वस्तू टिकाऊ आहे का? लाटणं उभं करून ठेवलं तर क्षणभर राहतं, पण फुंकर लागली की आडवं होतं. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी हलवली, तर थोडी इकडेतिकडे होऊन पुन्हा तळाशी येऊन थांबते. दोन्ही गोष्टी स्थिर दिसतात, पण एक स्थिर असते आणि दुसरी नसते. मग श्वार्त्सशिल्टची ही वस्तू लाटण्यासारखी की गोटीसारखी? ती लाटण्यासारखी असेल, तर निसर्गात ती कधी सापडणारच नाही. तयार होता होताच विस्कटेल. व्हीलर आणि इटलीचे तुल्लिओ रेज्जे यांनी १९५७ मध्ये या प्रश्नाला हात घातला होता, पण तो पुरता सुटला नव्हता. विशूनं तो सोडवला. कृष्णविवर वाटीतल्या गोटीसारखं आहे. धक्का दिला तर डळमळतं आणि पुन्हा आपल्या जागी येतं. १९६८ मध्ये त्याला पीएचडी मिळाली. कृष्णविवरं खरी असू शकतात, त्यांच्यावर वेळ खर्च करणं वेडेपणाचं नाही, असं म्हणायला आता आधार मिळाला.

इथेच थांबला असता, तरी त्याचं नाव या विषयाच्या इतिहासात राहिलंच असतं. पण त्याला पुढचा प्रश्न पडला आणि तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कुठल्याही शाळकरी मुलाला पडेल असा आहे. एक कृष्णविवर अवकाशात एकटंच आहे. जवळ तारा नाही, वायू नाही, काही नाही. ते काळं, मागचं आकाशही काळं. मग ते तिथे आहे हे कळायचं कसं?

विशूचं उत्तर सरळ होतं. त्याच्यावर काहीतरी फेकून बघा. परत येईल त्यावर त्याचा ठसा असेल.

फेकायचं काय? गुरुत्वीय लहरी. वस्तुमान हललं की अवकाशाच्या वस्त्रावर तरंग उठतात आणि प्रकाशाच्या वेगानं पसरतात, असं आइनस्टाइन यांनीच १९१६ मध्ये सांगून ठेवलं होतं. विशूनं गणितातल्या कृष्णविवरावर असे लहरींचे पुंजके सोडायला सुरुवात केली. आधी रुंद पुंजके सोडले. परत आलं त्यात खास काही नव्हतं. पुढे त्यानंच याची उपमा दिली आहे: पाण्याची मोठी लाट एखाद्या बारक्या गोट्यावरून निघून जावी, तसं झालं. गोटा होता हे लाटेला कळलंच नाही. मग त्यानं पुंजके आखूड करत आणले. परतणाऱ्या लहरीत चढउतार दिसू लागले. पुंजका कृष्णविवराच्या आकाराएवढा किंवा त्याहून आखूड झाला, तेव्हा चढउतारांचा एक ठरावीक साचा आला आणि मग पुंजका आणखी कसाही बदलला तरी तो साचा बदलेना. काही हेलकावे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि मग शांतता.

घंटा वाजली होती.

घंटेची उपमा आता सगळेच देतात, पण ती इतकी चपखल बसते की टाळता येत नाही. देवळात घंटा वाजवताना लोलक जोरानं हाणला काय की हळू, सूर तोच राहतो. तो वाजवणाऱ्याचा नसतो, घंटेचा असतो. घंटा कोणत्या धातूची, केवढी, किती जाड, हे सारं त्या सुरात असतं. कृष्णविवराचंही तसंच. त्यावर काय आदळलं, कुठून आदळलं, याचा त्या अखेरच्या नादाशी संबंध उरत नाही. सूर किती वर आणि किती लवकर विरणार, हे ठरतं फक्त दोन गोष्टींवर: कृष्णविवराचं वस्तुमान आणि त्याचं स्वतःभोवती फिरणं. फरक एवढाच की पितळी घंटा बराच वेळ घुमत राहते आणि कृष्णविवराची घंटा दोन-तीन हेलकाव्यांत संपते. अवकाशाचं ते कंपन काही बाहेर लहरी होऊन निघून जातं आणि उरलेलं विवर स्वतःच गिळतं, म्हणून.

आकडे घालून पाहिले तर गंमत वाटते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं, न फिरणारं कृष्णविवर सेकंदाला साधारण १,२०० कंपनांच्या सुरात वाजेल आणि अर्ध्या मिलिसेकंदात तो आवाज जवळजवळ एक-तृतीयांशावर येईल. वस्तुमान वाढत गेलं की सूर खाली उतरतो. बासष्ट सूर्यांएवढं कृष्णविवर घेतलं तर सूर १९५ च्या आसपास येतो. घरी पेटी असेल तर मंद्र सप्तकातली पांढरी पाच वाजवून पाहावी. तोच सूर.

हे काम १९७० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आलं. पुढच्या वर्षी विल्यम प्रेस यांनी या विरत जाणाऱ्या कंपनांना ‘क्वासी-नॉर्मल मोड’ असं नाव दिलं आणि १९७५ मध्ये चंद्रशेखर आणि डेटवायलर यांनी त्या सुरांचे आकडे अधिक नेमकेपणानं काढले. विषय मार्गी लागला.

याच मेरिलंड विद्यापीठात त्याच वर्षांत आणखी एक माणूस कान लावून बसला होता. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जोसेफ वेबर. पूर्वी नौदलात अधिकारी, पेशानं अभियंता आणि जिद्द अशी की जग काय म्हणतं याची पर्वा नाही. गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष पकडायच्या असा नाद त्याला लागला. त्यासाठी त्यानं ॲल्युमिनियमचे सुमारे दीड मीटर लांबीचे, टनाहून जड दांडे बनवले, हवा काढून घेतलेल्या टाक्यांत टांगले आणि त्यांना अतिसूक्ष्म थरथर टिपणारे स्फटिक चिकटवले. लहर आली की दांडा किणकिणेल. एक दांडा मेरिलंडला आणि दुसरा हजार किलोमीटरवर शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत. ट्रक गेल्यामुळे एक दांडा हलेल, पण दोन्ही एकाच क्षणी हलले तर कारण आकाशात आहे, असा त्याचा हिशेब होता. १९६९ मध्ये त्यानं जाहीर केलं की दोन्ही दांडे एकाच वेळी वाजले आहेत.

जगभर खळबळ उडाली. अमेरिकेत, युरोपात, रशियात लोकांनी आपापले दांडे टांगले. कुणाचाही वाजला नाही. काही वर्षांत वेबरचा दावा मोडीत निघाला, पण त्यानं तो कधीच मागे घेतला नाही. २००० साली मृत्यू येईपर्यंत तो आपल्या दांड्यांची देखभाल करत राहिला. त्याचं ऐकणं चुकलं होतं, पण ऐकायला हवं हे त्यानं जगाला पटवलं. त्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना समजावताना एमआयटीच्या रेनर वाइस यांना वाटलं, की दांड्याऐवजी प्रकाशाचं माप वापरलं तर? १९७२ मध्ये त्यांनी त्याचा आराखडा लिहिला. काटकोनात दोन लांब नळ्या, त्यांत लेझर, टोकांना आरसे. लहर आली की एक नळी किंचित ताणली जाईल आणि दुसरी किंचित आखडेल. त्या आराखड्यातूनच पुढे लायगो ही वेधशाळा उभी राहिली: अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन ठिकाणी, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या भुजा.

एकाच विद्यापीठात एकजण घंटेचा सूर गणितानं काढत होता आणि दुसरा घंटा ऐकू येते का म्हणून दांड्याला कान लावून होता. दोघांनाही आपापल्या कामाचं पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत आणखी काही वर्षं काढून विश्वेश्वरा सत्तरच्या दशकाच्या मध्याला बंगळुरूला परतले, रामन संशोधन संस्थेत. पुढे भारतीय खगोलभौतिकी संस्थेत गेले. इथून पुढचं त्यांचं आयुष्य नुसत्या शोधनिबंधांच्या यादीत मावत नाही. १९८९ मध्ये बंगळुरूत, व्हायोलिनवादक चौडय्यांच्या नावाच्या रस्त्यावर, जवाहरलाल नेहरू तारांगण उघडलं आणि त्याचे पहिले संचालक झाले विश्वेश्वरा.

हे तारांगण कुणाला तरी शोभेचं पद द्यायचं म्हणून त्यांच्याकडे आलं नव्हतं. खेळांच्या संहिता ते स्वतः लिहीत. खगोलशास्त्राबरोबर त्यांत चित्रकला येई, पुराणकथा येत, संगीत येई. खेळ कन्नड आणि इंग्रजीत होत. शाळेच्या सहलीला आलेलं मूल खुर्चीत मागे रेलून घुमटाकडे बघतं तेव्हा त्याला कोणत्या वाक्यावर थांबू द्यायचं, कुठे काळोख करायचा, कुठे हसवायचं, याचा विचार अशा माणसानं केला होता, ज्याचं नाव कृष्णविवरांवरच्या पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. तारांगणाशी जोडून त्यांनी विज्ञानशिक्षणाची संस्थाही उभी केली. शाळकरी मुलांसाठी वर्ग आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी खऱ्या संशोधनाची तोंडओळख करून देणारे उपक्रम तिथे चालू झाले. तिथे येऊन बसलेली किती मुलं पुढे संशोधनाकडे वळली, याच्या आठवणी बंगळुरूचे शास्त्रज्ञ आजही सांगतात.

आपल्याकडे एक समज आहे. मोठा शास्त्रज्ञ लोकांत जाऊन बोलायला लागला की त्याचं खरं काम संपलं, असं मानतात. विश्वेश्वरांच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. एकटं कृष्णविवर काळोखात असेल तर कळणार कसं, हा त्यांचा १९७० चा प्रश्न आणि घुमटाखाली बसलेल्या मुलाचा प्रश्न एकच आहे. त्यांनी शोध लावला तो असा साधा प्रश्न न लाजता स्वतःला विचारून. लोकांना समजावून सांगणं ही त्यांच्यासाठी वेगळी कामगिरी नव्हती. त्यांच्या विचार करण्याची ती रीतच होती.

शिवाय ते व्यंगचित्रं काढत. १९८७ च्या डिसेंबरात गोव्यात गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या ग्रंथाच्या संपादकांत विश्वेश्वरांच्या बरोबरीनं नारळीकर, बाला अय्यर आणि अजित केंभावी होते. अशा परिषदांच्या ग्रंथांत जडजड समीकरणांच्या सोबतीला विशूंची चित्रं असत. सापेक्षतावाद्यांच्या जगात ती चित्रं निबंधांइतकीच ओळखीची झाली. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच पाहा: ‘आइनस्टाइन्स एनिग्मा ऑर ब्लॅक होल्स इन माय बबल बाथ’. फेसाच्या टबात बसून गुरुत्वाकर्षणाचा सगळा इतिहास गप्पांतून सांगणारं पुस्तक. लेखकाच्या घरातला मुलगा शेवटी लेखकच झाला.

आता पुण्याकडे येऊ, कारण घंटा ऐकण्याची निम्मी कला इथे घडली.

१९८८ मध्ये नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. त्यांचा स्वतःचा पिंड कथाकाराचा आणि शिक्षकाचा, त्यामुळे संस्थेची दारं पहिल्यापासून शाळकरी मुलांसाठी उघडी राहिली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्यान, पुढे पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका. पुण्यातल्या दोन पिढ्यांनी कृष्णविवर हा शब्द पहिल्यांदा इथेच ऐकला असेल.

याच संस्थेत संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या कामाला हात घातला. लायगो तेव्हा कागदावर होती. जे यंत्र अस्तित्वातच नाही, त्याच्या नोंदी कशा वाचायच्या यावर आयुष्य लावणं हे धाडस होतं आणि अनेकांना ते फुकटचं वाटत होतं.

अडचण अशी होती. लहरीचा जोर इतका कमी असतो की ४ किलोमीटरच्या भुजेत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. जमीन हलते, आरशांचे अणू थरथरतात, लेझर स्वतःच किंचित लुकलुकतो. या सगळ्या गोंगाटात आपला सूर बुडून जातो. पण वरात चालली आहे, ढोल वाजताहेत, माणसं ओरडताहेत आणि दूर कुठेतरी बँड एखादं ओळखीचं गाणं वाजवतो आहे, असं समजा. गाणं माहीत असेल तर कान ते गोंगाटातूनही उचलतो. माहीत नसेल तर तो नुसता कलकलाट. म्हणून आधी गाणं पाठ पाहिजे. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतील तेव्हा लहर कशी चढत जाईल, याचे हजारो संभाव्य नमुने गणितानं तयार करून ठेवायचे आणि यंत्रातून आलेल्या नोंदीशी एकेक लावून पाहायचा. असे नमुने कोणते आणि किती दाट निवडायचे, यावर धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये मांडलेलं काम या शोधपद्धतीच्या पायातला दगड ठरलं. आणि ते गाणं नेमकं कसं आहे, लहर प्रत्येक टप्प्यावर कशी बदलते, याचं गणित फ्रान्समधल्या सहकाऱ्यांबरोबर करणाऱ्यांत होते बंगळुरूचे बाला अय्यर, विश्वेश्वरांचेच रामन संस्थेतले सहकारी. दोन कृष्णविवरं जवळ येतानाचं गाणं पुण्या-बंगळुरूच्या कागदांवर तयार होत होतं. ती एकरूप झाल्यानंतरचा शेवटचा सूर विशूनं १९७० मध्येच लिहून ठेवला होता.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. गणेशचतुर्थी तीन दिवसांवर आली होती, पुण्यात मांडव सजत होते. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटं आणि ४५ सेकंदांनी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक थरथर उमटली. ७ मिलिसेकंदांनी तीच थरथर हॅनफर्डला. सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ती ३५ पासून २५० कंपनांपर्यंत चढली आणि विरली. साधारण १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन कृष्णविवरं एकरूप होऊन ६२ सूर्यांचं एक झालं होतं. उरलेले तीन सूर्य लहरी बनून विश्वात पसरले.

पाच महिने सगळं गुप्त राहिलं. तपासण्या, फेरतपासण्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याकडे रात्रीचे ९ वाजले असताना वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली. आयुकात शास्त्रज्ञ आणि पत्रकार जमले होते. ज्यांनी पाव शतक एका न बांधलेल्या यंत्रासाठी गणितं केली, त्यांच्या त्या रात्रीबद्दल वाचताना आजही माझा ऊर भरून येतो. लायगोच्या मंडळींनी ती लहर आवाजात बदलून लोकांना ऐकवली. कंपनं माणसाच्या कानाच्या टप्प्यातलीच होती, त्यामुळे फार खटपट लागली नाही. खालून घसरत वर येणारा आणि टिपकन थांबणारा तो आवाज दुसऱ्या दिवशी जगभरच्या बातम्यांत होता.

त्या टिपकन थांबण्यातच विशूची घंटा होती. शोधनिबंधाच्या संदर्भांत ‘नेचर’, १९७० असा उल्लेख आहे. नव्या कृष्णविवराचा अपेक्षित सूर २५१ कंपनांचा. न फिरणाऱ्या विवराचा सूर पांढरी पाच येतो, पण हे विवर वेगानं फिरत होतं. फिरण्यानं सूर चढतो आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळे आपल्यापर्यंत येताना किंचित उतरतो. हिशेब जाऊन थांबतो मंद्र सप्तकातल्या पांढरी सातवर. यंत्रातल्या नोंदीचं शेपूट त्याच्याशी जुळत होतं. जुळत होतं, पण फिकं. ‘हाच तो’ असं ठासून म्हणावं इतका तो अखेरचा नाद मोठा नव्हता, आणि शास्त्रज्ञांनीही तसं ठासून म्हटलं नाही.

विश्वेश्वरा तेव्हा ७७ वर्षांचे होते. १६ जानेवारी २०१७ रोजी ते गेले. त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं.

घोषणेनंतर सहाव्या दिवशी, १७ फेब्रुवारी २०१६ ला, केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या लायगोला तत्त्वतः मंजुरी दिली. त्यामागे बराच आधीचा प्रवास होता. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ‘इंडिगो’ हा गट बांधला. अमेरिकेनं एक यंत्र परदेशी द्यायची तयारी दाखवली, ती आधी ऑस्ट्रेलियाला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियानं नकार कळवला आणि भारताचं नाव पुढे आलं. लहर कुठून आली हे कळायला दूरदूरचे कान लागतात. अमेरिकेतले दोन पुरत नाहीत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेची जोड मिळाली, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा इतकी नेमकी सांगता आली की दुर्बिणींनी तिथे वळून तो उजेड पाहिला. भारतातलं यंत्र हे काम आणखी बिनचूक करेल.

जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. मोकळी जमीन, वर्दळ कमी, गोंगाट कमी. आपल्या माणसांना औंढा ठाऊक आहे तो नागनाथासाठी आणि नामदेवांसाठी. नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा तिथे सांगतात. त्या गावाच्या शिवारात प्रोटॉनहून बारीक थरथर ऐकणाऱ्या भुजा उभ्या राहायच्या आहेत. अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला आली, २,६०० कोटी रुपयांची. यंत्र उभं राहायला अजून वर्षं लागतील. पण हिंगोलीतल्या शाळांत आयुकाची माणसं लेझर आणि आरसे घेऊन आधीच जाऊ लागली आहेत आणि आपल्या गावाजवळ नेमकं काय ऐकणार आहेत, हे मुलांना मराठीत सांगताहेत.

दरम्यान अमेरिकेतली यंत्रं सुधारत गेली. १४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन दोन्हीकडे एक लहर आली. तोवर ऐकलेल्यांत सगळ्यात स्पष्ट. पुन्हा तीसेक सूर्यांची दोन कृष्णविवरं, पुन्हा ६३ सूर्यांच्या घरातलं एक, जवळजवळ २०१५ चीच जोडी. पण या वेळी गोंगाट इतका कमी होता की अखेरचा नाद वेगळा काढून ऐकता आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये निष्कर्ष छापून आले. त्या नादात दोन सूर सापडले होते: एक मूळ सूर आणि त्याच्यासोबत वाजून त्याच्याही आधी विझणारा दुसरा. दोन्ही गणितानं सांगितलेल्या जागी. त्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी विशूंना जाऊन आठ वर्षं होणार होती.